फॉर्म दादानं भरला. आता ट्रेड कुणाचा?

ताई, नमस्कार.

मी सतरा वर्षांचा आहे. फिटर ट्रेडला, म्हणजे यंत्रांचे भाग घडवून जुळवायच्या शिक्षणाला, प्रवेश घेऊन चार महिने झाले. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून दादानं या व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थेचा फॉर्म भरला. इलेक्ट्रॉनिक्स मिळेल असं वाटलं होतं. यादी लागली तेव्हा फिटर मिळालं. बाबा म्हणाले, हे तरी धड कर.

थिअरी समजते. पण वर्कशॉपमध्ये गेलं की हातच चालत नाहीत. किती आठवडे झाले, लोखंडाचा एकच चौकोनी तुकडा कानशीनं घासतोय. सर काटकोन तपासायचा गुण्या लावतात, उजेडात धरतात आणि म्हणतात, 'पुन्हा.' शेजारच्या व्हाइसवरच्या, म्हणजे तुकडा घट्ट धरायच्या पकडीवरच्या, मुलाच्या वडिलांचं स्वतःचं वर्कशॉप आहे. त्याचा जॉब, म्हणजे घासून तयार केलेला तुकडा, केव्हाच पास झाला. माझे जुने मित्र सगळे दुसरीकडे गेले. ग्रुपवर त्यांच्या कॉलेजच्या गप्पा चालतात. मी नक्की कुठे आहे, हे मी तिथे अजून नीट सांगितलेलं नाही.

हल्ली आठवड्यातून एखाद-दोन दिवस मी जातच नाही. घरून वेळेवर निघतो, चौकापर्यंत जातो आणि तिथून दुसरीकडे वळतो. संध्याकाळी आई विचारते, आज काय शिकलास? मी म्हणतो, काही नाही.

सोडून देऊ का? की माझ्यातच काही कमी आहे?

– ना इकडचा, ना तिकडचा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी परत एकदा वाचलं ते एवढ्याचसाठी, की त्यात कोण काय करतंय ते बघावं. फॉर्म दादानं भरला. यादी लागली. फिटर मिळालं. बाबा बोलले. सर 'पुन्हा' म्हणाले. तू स्वतःच्या मर्जीनं केलेली गोष्ट सबंध पत्रात एकच सापडते: चौकातून वळणं. चार महिन्यांत तुझा म्हणावा असा तेवढाच एक निर्णय, मग तो गोड लागणारच. दांडी म्हणजे आळस, असं घरच्यांना वाटतं. तुझ्या दांडीत मला आळस फारसा दिसत नाही. माझ्याही म्हणण्याला कुठेतरी किंमत असावी, एवढंच त्यात दिसतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. तुझ्यात काही कमी नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं एकाच प्रश्नावर काम केलं: माणूस एखाद्या कामात आपणहून कधी उतरतो? त्यांच्या मते त्यासाठी तीन गोष्टी लागतात. जे करतोय त्यात आपली मर्जी असावी, ते आपल्याला जमतंय असं जाणवावं, आणि आजूबाजूची माणसं आपली वाटावीत. तुझ्या बाबतीत मर्जी विचारलीच गेली नाही, हात चालत नाहीत आणि जवळचे मित्र लांब गेले. तिन्ही एकदम हुकल्यावर कुणाचंही मन उडेल, मार्कांनी पहिल्या आलेल्याचंसुद्धा. त्यामुळे 'माझ्यात काय कमी आहे' हा हिशेब आता मांडू नकोस. तिथे काय कमी पडतंय आणि त्यातलं काय तुझ्या हातात आहे, हा मांड.

आता पहिला प्रश्न. सोडायचं की नाही, हे तुला आज ठरवता येणार नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. तू फिटर ट्रेड अजून निवडलेलाच नाहीस, मग तो सोडणार कसा? तुला तिथे नेऊन बसवलं गेलंय. बसवलेल्या जागेवरून उठायची घाई प्रत्येकाला होते. त्या घाईत राग ट्रेडचा आहे की ज्या वाटेनं आपण तिथे पोचलो त्या वाटेचा, हे कळत नाही. पत्र वाचून मला वाटतं, तुझा बराचसा राग वाटेचा आहे.

जेम्स मार्शा या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये तुझ्याएवढ्या आणि थोड्या मोठ्या मुलांबद्दल एक मांडणी केली, ती मला इथे उपयोगाची वाटते. तो दोनच गोष्टी विचारायचा. या मुलानं पर्याय हुडकून पाहिलेत का? आणि त्यानं कशाला तरी स्वतःला बांधून घेतलंय का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार प्रकार होतात. काही जण शोधून मग ठरवतात, काही अजून शोधत असतात, काही घरच्यांनी दिलेलं न तपासताच आपलं म्हणून टाकतात, आणि काहींनी शोधलेलंही नसतं आणि ठरवलेलंही नसतं. तू या शेवटच्या ठिकाणी उभा आहेस. फक्त अंगावर गणवेश चढलाय, म्हणून घरच्यांना वाटतं की ठरलं. यात लाजण्यासारखं काहीच नाही, आणि हे चार प्रकार कायमचे शिक्केही नाहीत. माणूस एकातून दुसऱ्यात जातो.

तुझ्यावर थोडा अन्यायही झालाय, तो मोकळेपणानं कबूल करू. डोनाल्ड सुपर हे करिअरच्या अभ्यासातलं मोठं नाव. त्यांनी पंधरा ते चोवीस ही वर्षं चाचपडून बघण्याची मानली होती. तुझे जुने मित्र अजून चाचपडतच आहेत, फक्त ते चाचपडणं कॉलेज या नावाखाली झाकलं गेलंय. त्यांना आणखी दोन-चार वर्षं कुणी विचारणार नाही. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्याला मात्र पहिल्या दिवशीच ट्रेडचं नाव लागतं. उत्तर आधी द्यायचं आणि प्रश्न नंतर समजून घ्यायचा, असा हा उलटा क्रम आहे.

उलटा असला तरी त्यातून वाट निघते. प्रवेश आधी झाला म्हणजे निवड संपली असं नव्हे. निवड मागाहूनही करता येते, आणि तीही खरीच असते. तुझ्याकडे आज एक अशी सोय आहे जी फॉर्म भरताना दादाकडेही नव्हती: तू रोज आत जाऊन ट्रेड जवळून बघू शकतोस. पण चौकातून वळलास तर ती सोयच जाते. मग चार महिन्यांनीही फिटर म्हणजे लोखंड घासणारा, एवढंच माहीत राहतं.

तर त्या लोखंडाकडे येऊ. मला वाटतं तुझं खरं दुखणं तिथेच आहे.

कानस चालवणं बघायला सोपं. पुढे ढकलायची, मागे आणायची. पण दोन्ही हातांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच दाब दिला, तर सुरुवातीला मुठीची बाजू खाली जाते आणि शेवटी टोक खाली जातं. दोन्ही कडा जास्त खाल्ल्या जातात आणि मधे उंचवटा राहतो. नवख्याचा जॉब जवळजवळ नेहमी असाच निघतो, मधे फुगीर. म्हणून सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, आणि शेवटाकडे मुठीवरच्या हाताचा जास्त. परत आणताना दाब द्यायचाच नाही. दाते पुढे जाताना कापतात, मागे येताना नुसते झिजतात. व्हाइसचा जबडा साधारण तुझ्या कोपराच्या उंचीला यायला हवा. तो वर किंवा खाली असला तर खांदा आखडतो आणि कानस डोलते. हे तुला थिअरीत शिकवलं असणार, आणि थिअरी तुला समजते असं तू लिहिलंच आहेस. डोक्याला समजलेलं हाताला समजायला वेळ लागतो, तो वेळ सगळ्यांना लागतो. शेजारच्या मुलालाही लागला असणार, फक्त तो वर्गात यायच्या आधी लागून गेला. तो लहानपणापासून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये खेळलाय. त्याचा पास झालेला जॉब आणि तुझा नापास जॉब यांची तुलना चार महिन्यांच्या शिक्षणाची होतच नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' ही भावना कुठून येते ते मांडलं. त्यांनी चार झरे सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, दुसऱ्याला जमताना पाहिलेलं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीराची अवस्था, म्हणजे छातीत धडधड होतेय की शांत वाटतंय. सगळ्यात जोर पहिल्याचा. धीराचे शब्द बरे असतात, पण हातून काही घडलंच नाही तर ते फार टिकत नाहीत. दुसऱ्या झऱ्यातही एक मेख आहे. ज्याला पहिल्या फटक्यात जमतं त्याला बघून आपल्याला फारसं बळ येत नाही. जो आपल्यासारखाच अडखळत होता आणि आता सुधारलाय, त्याला बघून येतं. तेव्हा वर्कशॉपवाल्याच्या मुलाकडे बघणं थोडे दिवस बंद कर. ज्याचा जॉब गेल्या महिन्यात वाकडा होता आणि आता सरळ निघतोय, असा एक जण शोध. तो वर्गात नक्की असेल. त्याच्या बाजूला उभा राहा आणि विचार, तू काय बदललंस?

आणि सरांच्या 'पुन्हा'चं काय करायचं? 'पुन्हा' हा निकाल झाला, त्यात माहिती नाही. माहिती तू मागून घे. 'सर, बरोबर आहे का?' असं विचारलंस तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येणार. 'सर, कुठे उंच आहे?' असं विचार. याचं उत्तर देताना सरांना जॉब हातात घ्यावाच लागतो, बोट ठेवून दाखवावंच लागतं. गुण्याखालून उजेड कुठून येतो ते तूही त्यांच्याबरोबर बघ. वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेट, म्हणजे सपाटी तपासायची अगदी सपाट प्लेट, असेलच. तिच्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा आणि जॉब हलकाच फिरवायचा. जिथे निळं लागलं तिथे उंच. तेवढंच घासायचं, पुन्हा फिरवून बघायचं. निळे ठिपके आधी मधेच गोळा झालेले असतात, हळूहळू पसरत जातात. ते पसरताना दिसतात तेव्हा सरांनी पास म्हणायची वाटही बघावी लागत नाही. आपलं काम आपणच तपासता येणं ही या ट्रेडमधली पहिली कमाई, आणि मर्जी व जमणं या दोन्ही गोष्टी तिथून एकदमच सुरू होतात. जुने बिघडलेले तुकडे ठेवायची मुभा असेल तर तारीख घालून ठेव. नसेल तर फोटो काढून ठेव.

आता तू मनात म्हणशील, मशीन हे काम क्षणात करतं, मग हातानं कशाला? रास्त प्रश्न आहे आणि तो सरांना जरूर विचार. माझं उत्तर असं, की सपाट म्हणजे किती सपाट आणि काटकोन म्हणजे किती काटकोन, हे हाताला आणि डोळ्याला कळल्याशिवाय मशीननं काढलेला जॉब चुकलाय हेसुद्धा कळत नाही. शिवाय जुळणी करताना दोन भाग एकमेकांत बसवायचे तर शेवटचा हात आजही माणसाचा लागतो. पण हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. १९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी काम करता करता शिकणाऱ्या उमेदवारांबद्दल लिहिलं, त्यात लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला नवा पोरगा आधी बटणं लावतो, काठ शिवतो. कापड बेतणं सर्वांत शेवटी येतं. पण तयार कपडा पहिल्या दिवसापासून त्याच्या समोर असतो. आपण लावलेलं बटण कुठे जाणार आहे, हे त्याला दिसत असतं. तुझ्या हातात बटण आहे आणि कपडा कुणी दाखवलेलाच नाही. म्हणून तो कंटाळा.

कपडा बघायला जा. संस्थेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचार, ते आता काय करतात. इथून बाहेर पडलेल्या एखाद्याला त्याच्या कामाच्या जागी जाऊन भेट. फिटर पुढे मशीनच्या देखभालीत जातो, जुळणीत जातो, टूलरूममध्ये साचे आणि डाय करतो, तपासणी विभागात मापं घेतो, काही जण सीएनसीकडे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनकडे, वळतात, काही शिकवायला लागतात. आणि तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला इथे फार कामाची वाटते: तुला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. आजच्या यंत्रांमध्ये सेन्सर, मोटर, कंट्रोलर आणि यांत्रिक भाग एकत्र नांदतात. मशीन बंद पडलं की दोष तारेत आहे की बेअरिंगमध्ये, हे ज्याला दोन्ही कळतं तोच लवकर सांगू शकतो. मेकॅट्रॉनिक्स नावाचं क्षेत्र याच सांध्यावर उभं आहे. तुझी आवड फुकट गेली असं समजू नकोस. ती घेऊनच वर्कशॉपमध्ये जा आणि बघ, कुठे जुळते का. नाही जुळली तरी नेमकं काय जुळलं नाही ते कळेल.

मार्क सविकस हे करिअरचे अभ्यासक बदलत्या कामाच्या जगाशी जुळवून घेण्याच्या ताकदीबद्दल लिहितात. २०१२ मध्ये त्यांनी आणि एरिक पॉर्फेली यांनी १३ देशांतल्या संशोधकांबरोबर ती मोजायची चोवीस विधानांची पट्टी तयार केली. त्यात चार बाजू आहेत: पुढचा विचार, स्वतःचा ताबा, कुतूहल आणि भरवसा. पुढचा विचार तुझ्याकडे भरपूर आहे, इतका की त्याची काळजी झालीय. भरवशाचं वर बोललोच, तो निळ्या ठिपक्यांबरोबर येईल. तुझ्याकडे तुटवडा आहे तो ताब्याचा आणि कुतूहलाचा, आणि सुदैवानं या दोन्ही गोष्टींना हुशारी लागत नाही, मार्क लागत नाहीत. प्रश्न विचारायला लागतं ते थोडं धाडस. ही चारही अंगं वाढवता येतात. स्वभावाचा भाग म्हणून ती जन्मतः वाटून दिलेली नसतात.

जुन्या मित्रांचा ग्रुप म्यूट कर. बाहेर पडू नकोस, फक्त म्यूट. आणि त्यातल्या सगळ्यात जवळच्या एकाला खरं काय ते सांग. लपवलेली गोष्ट दिवसभर सांभाळावी लागते, त्यात फार शक्ती जाते.

'मार्क कमी म्हणून इथे' हा शिक्का मात्र एवढ्यानं जात नाही. सगळी कामं सारखीच श्रेष्ठ असतात अशी भाषणं करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. त्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या मुलाला वर्कशॉपमध्ये घालायचं नसतं. शिक्का खरा आहे, तो लागतो आणि दुखतो. पण तो ट्रेडला चिकटून जन्माला आलेला नाही, माणसांनी लावलाय. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शालेय शिक्षण झाल्यावर साधारण दोन तृतीयांश मुलं व्यावसायिक शिक्षणाकडे जातात. तिथे तो मागच्या दारानं मिळणारा प्रवेश समजला जात नाही. एवढ्यानं तुझ्या बाबांचा सूर बदलणार नाही, मला ठाऊक आहे. तुझ्या स्वतःच्या डोक्यातला सूर थोडा बदलला तरी पुरे.

'इथे मी एकटाच परका आहे' असं तुला वाटतं. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना आत्ता हेच वाटत असेल आणि प्रत्येक जण ते लपवत असेल, असं मी म्हटलं तर तू ते समजूत काढणं मानशील. म्हणून एक प्रयोग सांगते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी एका अमेरिकन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं, असा त्या अनुभवांचा सूर होता. मग त्या मुलांना स्वतःच्या शब्दांत तेच लिहायला सांगितलं. सगळा मामला तासाभराचा. २०११ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत त्याचा फायदा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मार्कांत पुढची तीन वर्षं दिसला, म्हणजे ज्यांना 'आपण इथले नाही' असं वाटायला बाहेरूनही कारणं होती त्यांच्यात. परकेपणा वाटला की आपण त्याचा अर्थ 'जागा चुकली' असा लावतो. तो बऱ्याचदा 'जागा नवी आहे' एवढाच असतो. हे सगळीकडे लागू होईल असा माझा दावा नाही. जिथे खरोखरच अपमान होतो, टिंगल होते, हात उगारला जातो, तिथे मुलानं आपला विचार बदलून काही होत नाही, तिथे माणसं बदलावी लागतात. तसं काही असेल आणि तू ते पत्रात लिहिलं नसशील, तर आधी ते घरी सांग.

मुलाला शाळा आपली वाटते का हे तपासणाऱ्या प्रश्नावल्यांत एक मुद्दा असतो: अडचण आली तर जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी मोठी व्यक्ती इथे आहे का? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. सगळे सर चांगले असायची गरज नाही, एक पुरतो. तो 'पुन्हा' म्हणणारा नसला तरी चालेल. स्टोअर सांभाळणारे काका असतील, थिअरीच्या मॅडम असतील. या आठवड्यात त्यांच्याशी कामाचं एक वाक्य बोल. आपलं दुःख सांगायला जाऊ नकोस, हत्याराबद्दल काहीतरी विचार. ओळख तिथून होते.

चौकाचं काय करायचं? 'उद्यापासून रोज जाईन' असा निश्चय करू नकोस, तो चौकात पोचेपर्यंतच टिकतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासात दिसलंय की नुसत्या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं नेमकं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. तेव्हा वळायची इच्छा ज्या ठिकाणी होते तिथे काय करायचं ते आधीच ठरव. 'चौकात आलो की वर्गातल्या अमक्याला फोन करीन आणि त्याच्याबरोबर आत जाईन.' अमका म्हणजे तोच, ज्याचा जॉब आता सरळ निघतोय. आधी प्रॅक्टिकलचे दिवस पक्के कर, कारण चुकवावेसे तेच वाटतात.

हे सत्र संपेपर्यंत पूर्ण हजेरी लाव आणि मग निवड कर. तेव्हा स्वतःला विचार: एखादी तरी गोष्ट करताना घड्याळाकडे बघायचं विसरलो का? इथल्या कुणाचं काम बघून हे आपल्याला यावं असं वाटलं का? आणि सोडायचं असेल तर कशाकडे जायचंय, ते एका वाक्यात सांगता येतंय का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर असेल तर जा, मी अडवणार नाही, आणि घरच्यांशी बोलताना तेच वाक्य तुझ्या कामाला येईल. नुसतं इथून सुटायचं असेल तर पुढच्या जागीही एक चौक असणारच.

एक गोष्ट यात बसत नाही, ती वेगळी सांगते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही जीव रमत नसेल, तर तो ट्रेडचा प्रश्न उरत नाही, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवायचा प्रश्न होतो. जगणंच नको असं कधी वाटलं तर थांबू नकोस, त्याच दिवशी आईला किंवा दादाला सांग. तसंच एखाद्या मशीनची भीती वाटत असेल तर तीही सरांना सांग. घाबरत चालवलेल्या मशीनवर अपघात होतात, आणि विचारलं म्हणून कुणी हसलं तरी बोटं शाबूत राहतात.

दादाशी बोलायला हवं. त्यानं फॉर्म भरला तो तुझ्या काळजीपोटी, हे तुलाही माहीत आहे, म्हणूनच तुला त्याच्यावर रागावता येत नाही आणि राग चौकात निघतो. त्याला सांग, 'तू भरलास ते बरं केलंस, पण पुढचं मला ठरवू दे, आणि ठरवायला मला हे सत्र हवंय.' बाबांशी तो बोलू शकेल. दांड्यांचंही त्याला तूच सांग; हजेरीचा कागद घरी यायच्या आत सांगितलेलं केव्हाही बरं. आईला 'काही नाही' म्हणू नकोस. फोटो दाखव आणि आज उंचवटा कुठे होता ते सांग. तिला गुण्या कशाला म्हणतात ते माहीत नसेल, तर तेही सांगावं लागेल, आणि समजावून सांगताना आपल्याला किती येतं ते आपल्यालाच कळतं.

आणि हे सगळं करायच्या आधी उद्या सकाळी ऑफिसात जाऊन एवढं विचारून ये: ट्रेड बदलायची सोय आहे का, इलेक्ट्रॉनिक्सला जागा रिकामी झालीय का आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. तारीख सत्र संपायच्या आत असेल तर मला लगेच कळव, वरचं वेळापत्रक आपण त्याप्रमाणे अलीकडे ओढू.

तुझी,
ताई